न बोलतां येणाऱ्यांची भाषा

वाणी ही मनुष्यास लाभलेली मोठी देणगी होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ज्यांच्या बुद्धीची वाढ मंद गतीनें होते, अशा कित्येक मुलांस ही देणगी पुरती लाभत नाहीं. पोट दुखत असतां त्यांस तें सांगतां येत नाहीं; मग तीं रडतात, हातांतील वस्तु फेकतात, आणि लोक म्हणतात, "पोर फार हट्टी आहे." वस्तुतः ज्याला बोलतां येत नाहीं त्याला सांगावयाचें कांहीं नसतें, असें मुळींच नाहीं.

या गोष्टीचा एक जुना दाखला फ्रान्स देशांतील आहे. इ. स. १८०० मध्यें आव्हेरों प्रांताच्या रानांतून सुमारें बारा वर्षांचा एक मुलगा मनुष्यवस्तींत आला. त्यास बोलतां येत नसे. त्याच्या या स्थितीचें मूळ कारण काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पॅरिस येथील मुक्याबहिऱ्यांच्या संस्थेचे वैद्य ईतार यांनीं त्याचें शिक्षण हातीं घेतलें व त्याचें नांव व्हिक्तोर असें ठेवलें. दूध या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचीं चार अक्षरें जुळवावयास त्यांनीं त्यास शिकविलें. पुढें थोड्याच दिवसांनीं, ज्या घरीं दूध मिळत असे तेथें जातांना व्हिक्तोरनें तीं अक्षरें आपण होऊन खिशांत घातलीं, आणि तेथें पोहोंचतांच मेजावर मांडून दाखविलीं! त्याची वाचा पुढें कधींच नीट उघडली नाहीं. परंतु मागण्याचें साधन मिळतांच त्यानें तें वापरलें.

आज अशीं साधनें पुष्कळ आहेत. इंग्लंडांत मार्गारेट वॉकर या बाईंनीं १९७० नंतरच्या दशकांत 'माकाटोन' नांवाची पद्धति तयार केली. तींत बोलणें चालूच ठेवून मुख्य शब्दाची खूण हातानें करितात. "आतां जेवूं या" म्हणतांना 'जेवण्याची' खूण करावयाची. उच्चारलेला शब्द क्षणांत विरून जातो. खूण मात्र डोळ्यांस दिसते, आणि चित्र तर समोर तसेंच राहतें. म्हणून मंद गतीनें समजणाऱ्यास विचार करावयास अवकाश मिळतो. दुसरें साधन चित्रांच्या तक्त्याचें. मूल चित्रावर बोट ठेवून आपला विचार कळवितें. आतां हींच चित्रें टॅबवरही असतात. बोट लावतांच यंत्र तो शब्द उच्चारतें.

खुणा व चित्रें यांची सवय लागली तर मूल बोलावयाचेंच सोडील, अशी कित्येक पालकांस भीति वाटते. संशोधनांत या भीतीस आधार सांपडलेला नाहीं. उलट कित्येक मुलांचें बोलणें थोडेंबहुत वाढलेलेंच आढळलें आहे.

असा तक्ता घरींही करतां येतो. पाण्याचा पेला, ताट, अंथरूण, शौचालय यांचीं चित्रें पुठ्ठ्यावर चिकटवावीं. मात्र 'नको' आणि 'दुखतें' हीं दोन चित्रें विसरूं नयेत, कारण नुसतें मागतां येणें पुरेसें नाहीं. दिवसाचा क्रम चित्रांनीं मांडून भिंतीवर लावावा, म्हणजे पुढें काय होणार हें मुलास कळून त्याची धास्ती कमी होते. तक्ता कपाटांत न ठेवतां मुलाजवळच असावा, आणि वडील मंडळींनींही बोलतांना त्यावर बोट ठेवावें. कारण कोणतीही भाषा मूल इतरांचें पाहूनच शिकतें.

मुंबईस १९४४ सालीं एका दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं जी शाळा काढली, ती जय वकील शाळा आजही अशा मुलांस शिकवीत आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेंही खुणा, चित्रें व सोपी भाषा यांस संपर्काचीं साधनें म्हणून मान्यता दिली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, कायदा व शाळा यांचें काम आपल्यावांचून अपुरेंच राहील. तुमच्या आळींत असा कोणी मुलगा असेल तर त्यास वेडा म्हणूं नका. त्याच्या सोबत्याशीं न बोलतां त्याच्याशींच बोला. वाक्य लहान असावें. एका वेळीं एकच गोष्ट विचारावी. दोन वस्तु पुढें धरून कोणती हवी तें त्यास निवडूं द्यावें. कळलें नसेल तर कळल्याचा बहाणा करूं नये, पुन्हां विचारावें. आणि उत्तरासाठीं स्वस्थपणें थांबावें. त्यास उशीर लागेल; परंतु तें उत्तर त्याचें स्वतःचें असेल.