पवित्र भूमि आणि पायांतील वहाणा



परमेश्वर पवित्र आहे, असें आपण प्रार्थनेंत सहज म्हणतों. परंतु जो खरोखर पवित्र आहे, त्याच्याजवळ आपल्यासारख्या सदोष मनुष्यानें जावें तरी कसें, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतों. डहाणू तालुक्यांतील कासा या गांवीं, सूर्या नदीच्या परिसरांत शिक्षकाचें काम करीत असतांना या प्रश्नाचें जें थोडेंसें उत्तर मला सांपडलें, तें आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्ती मनुष्य सृष्टीची पूजा करीत नाहीं. सृष्टि हें त्याच्या दृष्टीनें निर्मात्याचें हस्ताक्षर होय. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत असें प्रतिपादिलें आहे कीं, देवाचें अदृश्य सामर्थ्य निर्मिलेल्या वस्तूंवरून मनुष्यास कळूं शकतें. अक्षर वाचावयाचें, तें लिहिणाऱ्याला ओळखण्यासाठीं.

फाल्गुनांत या भागांतील रानांत पळस फुलतो. पानें गळून गेलेलीं असतात आणि सारें झाड केशरी फुलांनीं असें पेटतें कीं, दुरून पाहणाराला तें जळत आहे असें वाटावें. आणि तरी एकही फांदी कोळसा होत नाहीं. हें झाड पाहिलें कीं मला निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायांतील मोशे आठवतो. सासऱ्याचीं मेंढरें चारीत असतांना त्यानें जळणारें परंतु भस्म न होणारें झुडूप पाहिलें. देवानें त्याला प्रथम नांवानें हाक मारली आणि लगेच सांगितलें कीं, आणखी जवळ येऊं नको. पायांतील वहाणा काढ, ही भूमि पवित्र आहे. हाक आहे आणि अंतरही आहे. पवित्र देवाचें सान्निध्य हें असें दुहेरी असतें.

दुसरा धडा सूर्याचा. तो आपल्यापासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश येथें पोंचावयास आठ मिनिटांहून किंचित् अधिक काळ लागतो. इतक्या अंतरावरूनही आपण त्याच्याकडे टक लावून पाहूं शकत नाहीं. परंतु जें कांहीं पाहतों, तें त्याच्याच उजेडांत. शिवाय हाच प्रकाश घेऊन पान पाणी व हवा यांपासून आपलें अन्न तयार करतें. मात्र लावणीच्या दिवसांत भाताच्या रोपांची एखादी जुडी बांधावर विसरून राहिली आणि उघाड पडली, तर दुपारपर्यंत ती कोमेजून जाते. शेजारच्या खाचरांत रुजलेल्या रोपाला पोसणारा सूर्य तोच असतो. सूर्य बदललेला नसतो. मुळाशीं असलेला संबंध तुटलेला असतो. देवाच्या पावित्र्याचें भय कोणाला वाटावें, हें त्या जुडीनें मला शिकविलें.

परंतु हे धडे बुद्धीला पटणें निराळें आणि अंतःकरणांत उतरणें निराळें. चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांतील एक वारली मुलगा कापणीच्या दिवसांत आठवडाभर आला नाहीं. आला त्या दिवशीं मीं त्याला छडीनें मारलें. एवढ्यानें समाधान न होऊन, संध्याकाळीं तक्रार सांगावयास त्याच्या घरीं गेलों. अंगणापलीकडे खळ्यांत झोडणी चालली होती. मी तरातरा आंत शिरलों. मुलाच्या आजोबांनीं हात जोडून सौम्यपणें सांगितलें, "मास्तर, वहाणा बाहेर ठेवा. इथं कणसरी आहे." कणसरी म्हणजे वारल्यांची धान्यदेवता. माझी श्रद्धा निराळी. परंतु ज्या अन्नाबद्दल मी रोज देवाचे आभार मानीत असें, त्याच्यापुढें मी वहाणांसकट उभा होतों, आणि तें पिकविण्यांत हातभार लावणाऱ्या लेंकराला मीं मारलें होतें.

त्या रात्रीं प्रार्थनेचा एकही शब्द मुखांतून निघेना. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट कर, ही प्रभु येशूची आज्ञा आठवली. दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर मीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. मधल्या सुटींत मात्र आपल्या फडक्यांतल्या नव्या तांदळाच्या भाकरीचा अर्धा तुकडा त्यानें माझ्या टेबलावर आणून ठेवला.

येथेंच सृष्टीच्या शिकवणुकीची मर्यादाही ध्यानांत येते. डोंगर आपल्याला नम्र करतो, नदी पायांचा चिखल धुते. परंतु "तुझ्या अपराधांची क्षमा झाली आहे" असें कोणताही डोंगर वा नदी बोलत नाहीं. तो शब्द क्रूसावरून येतो. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं एकाच लेखणीनें फुलांवर कविता आणि ख्रिस्तावर अभंग लिहिले. फुलानें दारापर्यंत आणावें आणि ख्रिस्तानें दार उघडावें, असा हा क्रम मला वाटतो.

डहाणू तालुका १९९१ सालीं केंद्र सरकारनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. कायदा भूमीचें रक्षण करूं पाहतो, तें योग्यच आहे. परंतु वहाणा काढण्याची वृत्ति कायद्यानें येत नाहीं. आपण शहरांत राहणारीं माणसें. आपल्याजवळ खळें नाहीं, पळसाचें रान नाहीं. तथापि पुढ्यांत वाढलेलें ताट आहे, आणि तें आपल्यापर्यंत पोंचविणारे असंख्य हात आहेत. आज रात्रीं जेवावयास बसतांना क्षणभर थांबा, आणि त्यांपैकीं कोणाचें मन आपण दुखविलें आहे काय, हें आठवून पाहा. आठवलें, तर आधीं त्याच्याकडे जा. पवित्र देवाकडे जाणारा रस्ता त्याच्याच अंगणांतून जातो.