कडी आधी, दोर नंतर

गेल्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे आज इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला इम्पेलर उघडायचा होता. तो आठवडाभर थांबेल. मधल्या काळात रत्नागिरीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो डोक्यातून जाईना. त्यांची फायबरची छोटी बोट आहे, मागे एक आउटबोर्ड. गेल्या मोसमात शेजारच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि त्यांनी ती ओढून बंदरात आणली. वाटेत दोर क्षणात पाण्यात लोंबायचा, क्षणात ताठ व्हायचा, आणि ताठ झाला की दोन्ही बोटींना जबर हिसका बसायचा. ‘दोर किती लांब ठेवायला हवा होता?’ एवढंच त्यांनी विचारलंय.

याचं उत्तर आकड्यात देता येतं. पुढच्या बोटीने लाट चढावी तेव्हा मागचीनेही चढावी, पुढची उतरताना मागचीनेही उतरावी. तसं झालं की दोघींमधलं अंतर फारसं बदलत नाही आणि हिसका बसत नाही. त्यासाठी दोर एका लाटेच्या लांबीएवढा हवा, किंवा दोन लाटांच्या. लाटेची लांबी मोजायला घड्याळ पुरतं. दोर देण्याआधी, दोन्ही बोटी नुसत्या तरंगत असताना, एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत किती सेकंद गेले ते बघायचं. त्या सेकंदांचा वर्ग करायचा आणि त्याची साधारण दीडपट घ्यायची; नेमका गुणक 1.56 आहे. खोल पाण्यात पाच सेकंदांनी येणारी लाट 39 मीटर लांब असते, आठ सेकंदांनी येणारी जवळपास 100 मीटर. उथळ पाण्यात ती आखूड होते. वाऱ्याने उठलेल्या लाटांना चाळीसेक मीटर दोर म्हणूनच जमून जातो. लांबून येणाऱ्या फुगाऱ्यात तोच दोर नेमका चुकीच्या जागी पडतो: एक बोट माथ्यावर, दुसरी खळग्यात.

हा हिशेब लाटा समोरून किंवा पाठीमागून येत असतील तेव्हाच चालतो. हर्णैहून दाभोळकडे किनारा धरून ओढत निघालात तर लाट कुशीवर येते आणि दोन्ही बोटी एकाच लाटेवर असतात. तिथे हिसका टाळायचा तो वेग आवरून आणि ताणल्या जाणाऱ्या दोराने.

वेगाचं थोडक्यात. ओढली जाणारी बोट पाण्यावर उचलली जात नाही, ती पाणी कापतच येते. अशा बोटीच्या वेगाला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34ने गुणा, की नॉटमध्ये वेग मिळतो. पंचवीस फुटांना 6.7 नॉट येतात. त्या आकड्याच्या जवळ जाऊ लागलात की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, नाळ वर होते, पाठ बसते आणि मागच्या फळीवरून पाणी आत येतं. शिवाय वेग दुप्पट केला की दोरावरची ओढ चौपटीच्याही पुढे जाते. तीन-चार नॉटने या. घरी तासभर उशिरा पोचाल.

दोर नायलॉनचा घ्या. तुटायच्या आधी तो आपल्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो. त्याला तोटेही आहेत. ओला झाला की ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. गाठ मारली की त्या जागी तिसरा हिस्सा जातो, काही गाठींत निम्मीसुद्धा. ढिला पडला की बुडतो आणि तुमच्याच पंख्यात जाऊ शकतो. पॉलिप्रॉपिलीन तरंगतो आणि स्वस्त पडतो, पण उन्हाने सडतो. वरचे तंतू हातात पिठासारखे झडायला लागले की तो दोर ओढकामातून बाद. दोराच्या मधोमध साखळीचा तुकडा किंवा छोटा नांगर अडकवला तर त्याच्या वजनाने दोराला झोळ पडतो आणि तो झोळ हिसका खातो. ही जुनी युक्ती आहे आणि छोट्या बोटींना फार उपयोगी पडते.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय तिथे येतो. वरचं वाचून कुणी उद्याच बाजारात जाऊन जाडजूड दोर आणेल याची मला धास्ती वाटते. दोर जितका दणकट, तितकं तो तुटण्याआधी दुसरं काहीतरी तुटण्याचा संभव जास्त. ते दुसरं म्हणजे नाळेवरची कडी. नायलॉन ताणलेला असताना कडी उपटली तर ती दोरासकट पुढच्या बोटीवर येते, आणि तिथे सुकाणूवर माणूस बसलेला असतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणीही उभं राहायचं नाही. खलाशी तरुण असतो, दोराकडे बघत नाळेवर उभा राहतो. त्याला मागे बसवा.

हर्णैच्या किनाऱ्यावर एका वयस्क तांडेलाला मी दोर देताना पाहिलंय. बंद पडलेल्या बोटीवरचा पोरगा कडीकडे बोट दाखवत ओरडला, ‘तांडेल, कडी हाय की!’ तांडेलाने विचारलं, ‘कडी हाय. तिच्या मागं काय हाय, बघितलंस कधी?’ पोरगा गप्प. तांडेलाने कडीला हात लावला नाही. दोराचा एक फेरा अख्ख्या बोटीभोवती, काठाखालून घेतला, तो खाली घसरू नये म्हणून दोन ठिकाणी वर बांधून घेतला, आणि त्या पट्ट्याला नाळेपाशी ओढीचा दोर जोडला. सगळा भार बोटीच्या अंगावर वाटला गेला. ज्या कडीची खात्री नाही तिच्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

तांडेलाचा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपल्या बोटीला विचारायला हवा. लाकडी होडीत नाळेचं लाकूड जाड आणि अखंड, कडी त्यातून आरपार. फायबरच्या बोटीत ती जागा काही मिलिमीटर जाडीच्या कवचाची असते. कडीचा यू-बोल्ट त्यातून आत जातो, आणि आत नटाखाली काय आहे यावर सगळं ठरतं. पुष्कळदा दोन छोटे वायसर असतात आणि काही नाही. ओढ बसली की वायसर कवचातून भोक पाडून बाहेर येतो. काही बोटींत प्लायवूडचा तुकडा असतो. तो चांगला, पण बोल्टच्या भोकातून पाणी झिरपून आतून कुजलेला असू शकतो. तिथे तळहाताहून मोठी, जाड फायबरची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी हवी, म्हणजे ओढ मोठ्या जागेवर पसरते. ॲल्युमिनियम लावलंत तर स्टीलचा बोल्ट आणि पट्टी यांच्यामध्ये सीलंटचा थर भरपूर द्या, नाहीतर खाऱ्या ओलीत दोन धातूंची जोडी ॲल्युमिनियम खाऊन टाकते.

आणि बोल्ट. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज अर्धाच खरा आहे. त्याला वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. कडीचा बाहेरचा भाग हवेत आहे, तो चकाकत राहतो. कवचाच्या आत गेलेल्या भागाभोवती खारं पाणी साचतं, हवा पोचत नाही. तिथे थर मोडतो आणि धातू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो. 304 जातीच्या स्टीलला हे लवकर होतं. 316मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं, पण तेही अमर नाही. बाहेरून घासून-पुसून हा रोग कळत नाही. बोल्ट काढूनच बघावा लागतो.

तो काढायला आत्ताच वेळ आहे. 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, बोटी किनाऱ्यावर झापांखाली शाकारलेल्या. एक दुपार काढा. कडीच्या आजूबाजूला कवचावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ती जागा हललेली आहे. तपकिरी ओघळ दिसला तर बोल्ट आत गंजतोय. लाकडी दांड्याने ठोकत जा. टणक आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला तर आतला थर सुटलाय किंवा प्लाय कुजलाय. मग नट सोडवा, बोल्ट बाहेर घ्या, बारीक झाला असेल किंवा खड्डे पडले असतील तर नवा टाका. जुना ‘अजून एक मोसम’ म्हणून परत बसवू नका.

मला अनेक वर्षं वाटत आलंय की या कडीचं खरं नुकसान समुद्रात होतच नाही. ते मे महिन्याच्या अखेरीस पुळणीवर होतं. बोट वर घ्यायची असते, माणसं कमी पडतात, ट्रॅक्टर येतो. बोट ओल्या वाळूत बसलेली, तळ वाळूने धरून ठेवलेला. ट्रॅक्टरवाला तिरका उभा राहून ओढतो. ती कडी सरळ पुढच्या ओढीसाठी बसवलेली असते, तिला बाजूची ओढ झेपत नाही. बोल्ट थोडा वाकतो, सीलंटचा जोड फुटतो, पाणी शिरायला वाट होते. बोट वर येते, सगळे खूश होतात आणि कडीकडे कुणी बघत नाही. मग सप्टेंबरात समुद्रात दोर लागतो आणि कडी हातात येते. बोट वर घेताना आधी दोन्ही बाजूंची वाळू खणून तळाखाली पाणी किंवा हवा जाऊ द्या, बोट डाव्या-उजव्या अंगाला हलवून सुटी करा, खाली ओंडके घाला, ट्रॅक्टर नाळेच्या अगदी सरळ रेषेत उभा करा आणि हळूहळू ताण घ्या. भरतीला वर घेता आली तर सर्वांत उत्तम. वर घेताना बोटीच्या पोटाखालून घेतलेला पट्टा ओढायला वापरा आणि कडी समुद्रासाठी राखून ठेवा.

दोर कुठे बांधायचा हा प्रश्न ओढणाऱ्या बोटीवरही आहे. दोर मागच्या फळीच्या मधोमध बांधला तर तुमचं इंजिन वळवूनही बोट वळायला तयार होत नाही, कारण मागचा भार तिची पाठ धरून ठेवतो. दोन्ही मागच्या खुंट्यांना दोन फाटे बांधून मागे त्यांची एक गाठ करा आणि तिथून दोर द्या. फाटे इंजिनाच्या मागे जातील एवढे लांब हवेत. खुंट्याला निरगाठ मारू नका. आठच्या आकड्यात वेढे घ्या, म्हणजे ताण असतानाही सोडवता येईल. तरी हाताशी धारदार कोयता हवाच. मागची बोट तुमच्या कुशीकडे आली आणि दोर आडवा ओढू लागला, तर तो तुमची बोट कलती करून उलथी करू शकतो. त्या वेळी दोर वाचवायचा नाही, कापायचा.

खाडीच्या तोंडाशी सगळ्यांत जपून. बाणकोट, आंजर्ले, देवबाग, जिथे तोंडाशी वाळू साचते तिथे लाट फुटते आणि पाठीमागून येणारी लाट मागच्या बोटीला तुमच्यावर आणून टाकते. भरती चढत असतानाच आत शिरा. त्याआधी मागच्या बोटीच्या पाठीमागून जुना टायर किंवा दोन बादल्या दोराने सोडा. त्या पाणी धरतात, बोट धावत सुटत नाही आणि सरळही चालते. तिच्यावर सुकाणूला माणूस हवा, वजन मागच्या बाजूला हवं, सगळ्यांच्या अंगात जॅकेट हवं. आत शांत पाण्यात आल्यावर लांब दोर सोडा आणि तिला कडेला बांधून घ्या, मध्ये टायर घालून. तुमचं इंजिन तिच्या पाठीच्याही मागे राहील अशी बांधा, नाहीतर वळण मिळणार नाही.

अंधार पडला तर ओढणाऱ्या मोठ्या जहाजाला वेगळे दिवे लावावे लागतात. छोट्या मासेमारी बोटीकडे ते नसतात. समुद्रातल्या टक्कर टाळण्याच्या नियमांत अशा बोटींना सूट आहे, पण आपण ओढतोय हे दुसऱ्यांना कळेल एवढी तजवीज केलीच पाहिजे. दोरावर आणि मागच्या बोटीवर बॅटरीचा झोत टाकत राहणं एवढं पुरतं, पण थांबता कामा नये. आणि ओढणं आवाक्याबाहेरचं वाटलं तर वाट न बघता तटरक्षक दलाला 1554वर किंवा सागरी पोलिसांना 1093वर फोन करा, वायरलेस असेल तर 16 नंबरच्या चॅनेलवर बोला.

इम्पेलर पुढच्या वेळी नक्की. तोवर कुणी जुना काढलाच तर फेकू नका, त्याच्या पात्या मोजा. एखादी कमी भरली तर ती इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेली आहे, आणि नवा इम्पेलर बसवण्याआधी ती शोधून काढावी लागेल.