उतार दिसला पाहिजे

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळात कॅमेरा फिरत नाही. डोंगराच्या मागे काय आहे ते वळून पाहता येत नाही. १९९९ साली हा खेळ आला तेव्हा तसंच होतं आणि २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्येही तसंच आहे. खेळणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण चांगल्या नकाशावर त्याला मागे डोकावायची गरजच पडत नाही. ती पडू नये म्हणून कुणीतरी आधी राबलेलं असतं. उंच झाड कुठे नको, तटाची भिंत कुठली वाट झाकते, टेकडीची पाठ किती लांबवर उतरवायची, याचा विचार त्या माणसाने टाइल-टाइल करून, म्हणजे जमिनीचा एकेक चौकोनी तुकडा घेऊन, केलेला असतो.

उज्जैनच्या माधव नगरात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मराठी तरुण हेच काम करतो आहे. दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवण्याआधी शिंद्यांचा कारभार उज्जैनहून चाले. त्या काळापासून शहरात मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या बोलण्यात मराठी, हिंदी आणि माळवी एकाच वाक्यात नांदतात. या तरुणाने नकाशासाठी विषयही जवळचाच घेतला: उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेकाठी असलेल्या महिदपूरची लढाई. २१ डिसेंबर १८१७ रोजी इथे होळकरांची फौज आणि सर थॉमस हिस्लॉपच्या हाताखालची ब्रिटिश फौज समोरासमोर आली. आदल्याच दिवशी राज्यकारभार पाहणाऱ्या तुळसाबाई होळकरांची हत्या झाली होती, गादीवरचे मल्हारराव वयाने लहान होते आणि फौज बिनदोरीची झाली होती. पण तोफा होत्या, आणि त्या नीट जागी लावलेल्या होत्या.

नकाशाच्या दृष्टीने ही लढाई म्हणजे एक नदी आणि तिला असलेला एक उतार. ब्रिटिशांना क्षिप्रा ओलांडायची होती, पायी आणि तोफांसह ओलांडण्याजोगी जागा एकच होती, आणि ती होळकरांच्या तोफांच्या माऱ्यात होती. पलीकडे होळकरांची रांग, तिची डावी बाजू नदीला टेकलेली, उजवीकडे खोल घळ, मध्ये एक ओसाड पडलेलं गाव. तोफा त्या रांगेच्या पुढे. अशी मांडणी इतिहासाने आयती दिली तर नकाशा करणाऱ्याला आणखी काय हवं, असं वाटेल. प्रत्यक्षात अडचण तिथूनच सुरू होते. कागदावर एका ओळीत लिहिलेला ‘एकच उतार’ खेळणाऱ्याच्या डोळ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसायला हवा, आणि तोही कुणी बाण न दाखवता.

खेळातल्या नेहमीच्या नकाशांपैकी सर्वांत मोठा नकाशा २४० गुणिले २४० टाइलचा, म्हणजे ५७,६०० टाइलचा असतो. प्रत्येक टाइल पडद्यावर शंकरपाळ्यासारखी दिसते, उंचीच्या दुप्पट रुंद. चौरस जमीन पंचेचाळीस अंशांनी फिरवून वरून तिरकी पाहिल्याचा हा परिणाम. वरचा कोपरा उत्तर मानला, तर दक्षिणेकडून उत्तरेला वाहणारी क्षिप्रा पडद्यावर सरळ उभी येते. उभी रेघ म्हणजे टाइलच्या कर्णातून जाणारी रेघ. एक टाइल रुंदीची नदी अशी काढली तर टाइल फक्त टोकाला टोक लावून उभ्या राहतात आणि पाण्याचा प्रवाह मण्यांच्या माळेसारखा तुटक दिसतो. त्यामुळे ती किमान तीन-चार टाइल रुंद करावी लागते, आणि मग काठ दोन्ही बाजूंनी करवतीच्या दात्यांसारखे निघतात. ते दाते मोडण्यासाठी काठावर कुठे वाळूची टाइल, कुठे गवताची, कुठे चिखलाची, अशी एकेक टाइलच्या ब्रशने पेरणी करावी लागते. सर्वांत जास्त वेळ याच कामाला जातो, आणि ते नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या मसुद्यात नदी सरळ होती. तरुणाच्या आजोबांनी खुर्चीमागे उभं राहून पाहिलं.

“ही क्षिप्रा होय? हा तर कालवा दिसतोय.”

“आजोबा, वळणं दिली की सैन्य अडकतं हो. तुम्ही बघा ना, घोडेस्वार काठाकाठाने भलतीकडेच निघून जातात.”

“मग जिथे सैन्य जायचं नाही तिथे दे वळणं.”

उत्तर अगदी बरोबर होतं, आणि नकाशे करणारे अनुभवी लोक नेमकं हेच करतात. खेळातल्या सैनिकाला ‘तिकडे जा’ म्हटलं की तो सर्वांत जवळची वाट स्वतः शोधतो. अरुंद, वळणदार जागेत मोठी तुकडी गेली की ती वाट शोधताना तुकडीचे तुकडे होतात. म्हणून जिथे लढाई व्हायची तो पट्टा मोकळा आणि सरळ ठेवायचा, आणि नदीचं नदीपण, म्हणजे तिची वळणं, बेटं, काठावरची झाडी, हे सगळं त्या पट्ट्याच्या वर आणि खाली खर्च करायचं. नव्या मसुद्यात उताराच्या दक्षिणेला क्षिप्रा एक मोठं वळण घेते आणि उत्तरेला एका बेटाभोवती फुटते. बेटाची कल्पना उज्जैनजवळच्या कालियादेह महालावरून आली. तो पंधराव्या शतकातला महाल खरोखरच क्षिप्रेतल्या बेटावर उभा आहे. महिदपूरच्या रणभूमीवर तो नव्हता, पण उज्जैनच्या माणसाला क्षिप्रा ओळखू यायला तेवढी खूण पुरते.

आता उतार. नकाशा बनवायच्या एडिटरमध्ये उथळ पाण्याची वेगळी टाइल असते. तिच्यावरून माणसं, घोडे, तोफा जाऊ शकतात. ती फिकट निळी असते, पण लढाईच्या गडबडीत गडद पाणी आणि फिकट पाणी यांतला फरक डोळ्याला जाणवेलच असं नाही. त्यामुळे उतार पाण्यात नाही, काठावर दाखवायचा. गाडीवाट लांबून येते, काठाजवळ रुंद होते, दगडी रस्त्याची टाइल विरत विरत नुसत्या मातीत मिसळते, काठावरची झाडी तेवढ्या जागी मागे सरते आणि वाळू पाण्यात उतरते. पलीकडच्या काठावर हीच मांडणी उलट्या क्रमाने. मधल्या उथळ पाण्यावर दोन-तीन दगड आणि थोडं बोरू. एक मोडकी बैलगाडी काठाशी तिरकी ठेवली की काम पुरं होतं, कारण गाडी दिसली की इथून ये-जा होती हे सांगावं लागत नाही. खेळणारा नकाशा वाचत नाही, तो वाटेमागून जातो. हे ओळखणं हाच या कलेचा गाभा आहे.

रस्त्यांच्या बाबतीत माधव नगराने या तरुणाला एक गोष्ट शिकवली. लोकांच्या तोंडी फ्रीगंज असलेला हा भाग जुन्या उज्जैनपासून रेल्वेमार्गाने तोडलेला आहे. इकडे आखीव, काटकोनी रस्ते आणि टॉवर चौकातलं घड्याळ, तर तिकडे महाकालाभोवतीच्या गल्ल्या, ज्या कुठे रुंद होतील आणि कुठे बंद पडतील सांगता येत नाही. एडिटरमध्ये टाइलच्या रेषेला समांतर रस्ता काढला की तो पडद्यावर तिरका पण काटेकोर येतो, माधव नगरासारखा. १८१७ सालच्या ओसाड खेड्यात असा रस्ता कुठून यायचा? म्हणून खेड्यातली वाट दर चार-पाच टाइलनंतर एका टाइलने सरकवायची, घरं तिच्याशी समांतर ठेवायची नाहीत, आणि दोन घरांमधलं अंतर कधी सारखं येऊ द्यायचं नाही. अंतर सारखं पडलं की डोळा त्यात माणसाचा हात नाही, माऊसचा हात ओळखतो.

ओसाड गाव बांधताना मोडक्या भिंतींचे ढिगारे, गवताचे झुपके, कोरडी झाडं ही सजावट येते. हौशी नकाशाकारांमध्ये तिला ‘आय कँडी’ म्हणतात. तिच्याबद्दल एक कडक शिस्त पाळावी लागते. गवत आणि फुलं यांच्यावरून सैनिक चालत जातात, झाडं मात्र वाट अडवतात. चार टाइलच्या मोकळ्या जागेत शोभेसाठी एक झाड ठेवलं तरी तुकडी दुभंगते आणि खेळणाऱ्याला आपला हुकूम का पाळला गेला नाही ते कळत नाही. म्हणून अडवणाऱ्या वस्तू नेहमी आधीच अडलेल्या जागेला चिकटून ठेवायच्या: कड्याच्या पायथ्याशी, जंगलाच्या कडेला, भिंतीच्या कोपऱ्यात. मोकळं मैदान फक्त पोताने सजवायचं. माळव्याच्या काळ्या मातीसाठी गडद चिखलाचा आणि मातीचा पोत एकात एक मिसळला, त्यात शेताच्या टाइल टाकल्या. खेळात शेत उगवण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांचे पोत एडिटरमध्ये सुटे मिळतात. ते नुसती जमीन म्हणून रंगवता येतात, त्यावर शेतकरी लागत नाही. डिसेंबरातल्या माळव्याची अर्धी वाढलेली रब्बी पिकं अशी सहज येतात.

झाडांचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०१५ साली ‘आफ्रिकन किंग्डम्स’ या जोडभागातून खेळात बाओबाबची झाडं आली. भारताचा नकाशा करताना ती कुणी वापरत नाही, आफ्रिकेची म्हणून बाजूला ठेवतात. पण माळव्यातल्या मांडूला खरेखुरे बाओबाब आहेत, शतकांपूर्वी बाहेरून आलेले आणि रुजलेले. तिथले लोक त्यांना खुरासानी इमली म्हणतात, मराठीत ती गोरखचिंच. महिदपूरच्या या नकाशात गावाच्या वेशीवर एक गोरखचिंच उभी आहे, एकटी, आणि तिचा खरा उपयोग शोभेचा नाही. जाड बुंध्याचं हे झाड नकाशावर दुसरीकडे कुठेच नसल्याने खेळणाऱ्याला मध्य कुठे आहे ते कधीही सापडतं. अशी एकमेव खूण दर मोठ्या भागात एक असावी, दुसरी ठेवली की पहिलीचं मोल जातं.

उंची हा भाग सर्वांत फसवा. खेळात वरून खाली मारा करणाऱ्याला चतुर्थांश जास्त परिणाम मिळतो आणि खालून वर मारणाऱ्याचा तेवढाच कमी होतो, म्हणजे उंचवटा ही नुसती देखावा म्हणून ठेवायची गोष्ट नाही. पण तिरक्या नजरेत टेकडीची आपल्याकडची बाजू ताणून दिसते आणि पलीकडची आवळली जाते. टेकडीच्या उत्तरेकडची चढण खेळणाऱ्याला जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे जी चढण लढाईत महत्त्वाची आहे तिचं तोंड शक्यतो पडद्याच्या खालच्या बाजूला असावं. खऱ्या रणभूमीची दिशा त्याच्या आड आली, तर रणभूमी थोडी फिरवावी. हा निर्णय इतिहासप्रेमी माणसाला जड जातो, पण तो बरोबर आहे. होळकरांचे गोलंदाज उंचावरून मारा करत आहेत हे दिसलं नाही, तर नकाशातली दिशा अचूक ठेवून काय मिळवलं?

अशी मोडतोड मराठी नकाशांना नवी नाही. अठराव्या शतकातले मोडी अक्षरांचे जे मराठी नकाशे टिकले आहेत, त्यांत किल्ला वरून पाहिल्यासारखा नसतो. तो समोरून, तट-बुरुजांसह उभा काढलेला असतो, तर नदी मात्र त्याच कागदावर वरून पाहिल्यासारखी पसरते. सगळ्या गोष्टींना एकच प्रमाण नसतं. सुझान गोल यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात भारतीय नकाशांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात अशी उदाहरणं पाहायला मिळतात. ज्या कारकुनाने तो कागद केला त्याला अंतर मोजून द्यायचं नव्हतं, स्वाराला गड ओळखता यावा हे पाहायचं होतं. स्ट्रॅटेजी खेळातही घर दोन गुणिले दोन टाइलचं आणि माणूस त्याच्या दारापेक्षा मोठा, ही याच जातीची सोय आहे. इथे मापाला नाही, ओळखीला महत्त्व आहे.

रंगाची गोष्ट वेगळीच शिस्त मागते. प्रत्येक खेळाडूचा एक रंग असतो: निळा, लाल, हिरवा, पिवळा. मैदानभर लाल फुलं पेरली की लाल खेळाडूचे सैनिक त्यात बुडतात. शिवाय एकदा पाहून मागे टाकलेला भाग खेळ अंधुक करतो. उजेडात छान उठून दिसणारे दोन तपकिरी पोत अंधुक झाले की एकच होतात. आणि कोपऱ्यातला मिनीमॅप तर प्रत्येक टाइलला एकेक ठिपका देतो. तेव्हा नकाशा तीन वेळा तपासावा लागतो, उजेडात, अंधुक भागात आणि मिनीमॅपवर. ‘डोटा २’ या खेळाच्या प्रसिद्ध नकाशात अर्धा भाग हिरवागार, अर्धा काळवंडलेला आणि मधून तिरकी नदी आहे, त्यामुळे खेळणाऱ्याला आपण कुणाच्या हद्दीत आहोत हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. महिदपूरच्या नकाशात तेच काम काळी माती आणि वाळलेलं गवत करतात. नदीच्या अलीकडे फिकट गवत, पलीकडे गडद शेतं.

चाचणीला मित्र येतात. त्यांना काहीही सांगायचं नाही, फक्त त्यांची नजर पाहायची, असा या घरचा नियम आहे. उतार बहुतेकांना लगेच सापडतो. होळकरांच्या उजवीकडची घळ मात्र अजून कुणाला वेळेत दिसत नाही. खेळात कड्याची खेळणाऱ्याकडे तोंड केलेली बाजू ठळक दिसते, पाठ फिरवलेली फारच कमी, आणि या घळीची महत्त्वाची कड नेमकी पाठ फिरवून आहे. घोडेस्वारांना तिकडून वळसा घालता येईल अशा आशेने मित्र तुकडी पाठवतात आणि ती कड्याशी जाऊन थांबते. त्यावर दोन उपाय आहेत. घळीच्या तोंडाशी काटेरी झुडपांची दाट कड लावायची आणि तिकडे जाणारी वाट आधीच एका शेतात संपवायची, म्हणजे कुणी तिकडे वळणारच नाही. किंवा घळ पंधरा-वीस टाइल पुढे ओढून तिचं तोंड दक्षिणेकडे करायचं. पहिल्याने नकाशाची मांडणी शाबूत राहते. दुसऱ्याने घळ खरोखर दिसते, पण होळकरांची सगळी रांग मागे सरकवावी लागते आणि त्यांच्या तोफा उतारापासून लांब पडतात. तोफा उतारावर आग ओकू शकल्या नाहीत तर महिदपूरची लढाई उरतच नाही, कारण ब्रिटिशांचे आठशेच्या आसपास लोक मेले आणि जायबंदी झाले ते मुख्यतः त्या तोफांनी. सध्या पहिला उपाय चालू आहे. झुडपं लावून झाली, वाट शेतात संपवून झाली, आणि पुढच्या चाचणीसाठी ज्याने नकाशा कधीच पाहिलेला नाही असा खेळणारा शोधणं सुरू आहे.