नाव विचारल्याशिवाय सुई नाही

सकाळी पावणेसहाला ट्रे घेऊन आम्ही वॉर्डात शिरलो की पहिल्या खाटेपासून कुजबुज सुरू होते, ‘रक्तवाली आली, रक्तवाली आली.’ कुणी डोक्यावर चादर ओढून झोपेचं सोंग घेतं. कुणी ‘कालच तर काढलं होतं’ म्हणून हात मागे घेतं. एखादी आजी मात्र आधीच बाही वर करून बसलेली असते आणि आम्हालाच धीर देते, ‘काढ बाई, त्यात तुझं काय चुकलं?’ नऊ-साडेनऊला डॉक्टरांचा राउंड होतो. तोवर रिपोर्ट फाइलला लागायला हवेत, म्हणून आमचा दिवस लोकांच्या चहाआधी सुरू होतो.

इस्पितळाच्या कागदावर आमच्या हुद्द्याची नावं निरनिराळी आहेत. सरकारी ठिकाणी प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा सहायक म्हणतात. खासगी इस्पितळांत आणि मोठ्या लॅबमध्ये फ्लेबोटॉमिस्ट. शब्द ग्रीक आहे, अर्थ शीर छेदणारा. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना ‘फसद’ हा शब्द ठाऊक असेल. युनानी हकीम शीर उघडून रक्त काढायचे, ती फसद. कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेला आजही बॅसिलिक म्हणतात. इब्ने सिनाच्या ‘अल-कानून’मध्ये तिचं नाव बासलीक आहे. हकिमांचं रक्त काढणं इलाजासाठी होतं, आमचं तपासणीसाठी. काही बायका आम्हाला ‘हिजामावाल्या’ म्हणतात, तेव्हा मात्र हसून सांगावं लागतं की खाला, ते काम वेगळं, हे वेगळं.

लोकांना वाटतं, शीर दिसली की सुई घातली, झालं. पण शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. कोपराच्या चार बोटं वर रबरी पट्टा बांधायचा आणि तर्जनीने चाचपायचं. चांगली शीर दाबली की स्पंजासारखी परत वर येते. ठोके जाणवले तर ती शीर नव्हे, धमनी. तिथून बोट काढायचं. हिरवीगार वर आलेली शीर बऱ्याचदा दगा देते, सुई लागताच बाजूला सरकते. न दिसणारी, खोलवरची मधली शीर मात्र इमानदार निघते. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर रक्त घट्ट होऊन तपासणीचे आकडे बदलतात. स्पिरिट पुसल्यावर ते वाळू द्यायचं. ओलं असताना टोचलं तर जास्त झोंबतं आणि रक्तपेशीही फुटू शकतात. सुई पंधरा ते तीस अंशांत, तिरकी. हे सगळं पुस्तकात असतं. साखर आणि किडनीच्या आजाराने थकलेल्या म्हाताऱ्या हातावर किंवा केमो घेऊन शिरा कडक झालेल्या मुलीच्या हातावर ते कसं जमवायचं, हे हजार हात धरल्यावर कळतं. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं, असा आमच्यात रिवाज आहे. अहंकाराचा त्रास पेशंटच्या हाताला कशाला?

बल्बच्या टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. जांभळ्या टोपणाच्या बल्बात ईडीटीए असतं, त्यात सीबीसी होते. करड्यात फ्लोराइड असतं, ते साखर टिकवतं. फिकट निळ्यात सायट्रेट असतं, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात बघतात. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की रिपोर्टच चुकीचा. शिवाय भरायचा क्रमही ठरलेला. ब्लड कल्चर सगळ्यात आधी, मग निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी करडा. क्रम का पाळायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. जांभळ्या बल्बातल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं. त्यातलं जरासं जरी लाल बल्बात गेलं तरी पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम घटलेलं. अंगात काही नसताना डॉक्टर हृदय वाचवायच्या धावपळीला लागतात. नवीन पोरं कमी रक्त आलं की एका बल्बातलं दुसऱ्यात ओतून भर घालतात. त्यावर आमच्याकडे सगळ्यात कडक बोलणी खावी लागतात.

आणि ‘बाटलीभर रक्त नेलं’ ही तक्रार! चार बल्ब भरले तरी बारा-पंधरा मिलीलीटरच्या वर जात नाही. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. चहाचे तीन चमचे गेले असं समजा.

आता आमच्या चुकीचं सांगतो. बरीच वर्षं झाली, पण आमच्यातली जिच्या हातून ती झाली ती आजही विसरलेली नाही. बायकांच्या वॉर्डात दोन पेशंट होत्या. दोघींचं आडनाव शेख, दोघींचं पहिलं नावही एकच. एकीचं बाळंतपण व्हायचं होतं, दुसरी ॲनिमियाची. दोघींना रक्त चढवायचं म्हणून गट आणि क्रॉसमॅचसाठी नमुने हवे होते. आमच्या बाईने ‘अमुक शेख का?’ विचारलं, त्या ‘हो’ म्हणाल्या. दोघींचं रक्त काढलं, बल्ब ट्रेमध्ये ठेवले आणि लेबलं काउंटरवर येऊन लावली. अदलाबदल झाली. रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला बाळंतपणवालीचा जुना कागद सापडला. त्यावर तिचा गट बी पॉझिटिव्ह होता आणि नव्या नमुन्यात ए पॉझिटिव्ह येत होता. त्याने रक्त थांबवलं आणि पुन्हा नमुना मागवला. तो जुना कागद नसता तर तिला न जुळणारं रक्त चढलं असतं. अशा रक्ताने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

त्या दिवसापासून आम्ही ‘तुम्ही अमुक का?’ असं विचारत नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणतो. अर्धवट झोपेतला किंवा घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. दुसरी खूण म्हणून पुस्तकं जन्मतारीख विचारायला सांगतात. पण आपल्याकडे जन्मतारखेचं काय आहे, ते तुम्हाला माहीत आहेच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लिहिली आणि अर्धा वॉर्ड एक जूनला जन्मलेला! म्हणून केस पेपरचा नंबर, मनगटावरचा पट्टा आणि नाव, हे जुळल्याशिवाय सुई नाही. लेबल खाटेशेजारीच, पेशंटच्या डोळ्यांसमोर. तुमच्या घरचं कुणी दाखल असेल आणि रक्त काढणाऱ्याने नाव न विचारता हात धरला, तर तुम्हीच नाव आणि नंबर सांगा. त्याला राग आला तर येऊ द्या.

बुरख्यातल्या बायकांसाठी एवढंच, की बाही सैल असलेला कुर्ता घालून या. पडदा ओढून द्या म्हणायला लाजू नका. बाई कर्मचारी हवी असेल तर आधी सांगा, बहुतेक वेळा सोय होते. रक्त काढल्यावर कापूस दाबून हात सरळ ठेवा, कोपरात दुमडू नका. दुमडल्याने काळंनिळं पडतं आणि मग घरी सगळ्यांना दाखवत आमची बदनामी होते. याआधी कधी रक्त काढताना चक्कर आली असेल तर तेही सांगा, आम्ही आडवं करून काढतो.

रमजानमध्ये रोजचा एक प्रश्न असतो, रक्त दिल्याने रोजा तुटतो का? आम्ही आलीम नाही. पण हनफी आणि कोकणातले शाफई, दोन्हीकडच्या उलेमांनी आम्हाला सांगितलं ते असं, की तपासणीपुरत्या रक्ताने रोजा तुटत नाही. अशक्तपणा येईल इतकं रक्त देणं मात्र मकरूह. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा. आमच्या बाजूने सांगायचं तर दुपारनंतर पाण्यावाचून शिरा आक्रसतात. सेहरीनंतर आठ तास झाले की लगेच या, असरची वाट बघू नका. आणि शेवटचं कधी खाल्लं, ती वेळ कागदावर लिहून घ्या.

दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींचे पालक विचारतात, यासाठी काय शिकावं लागतं? रुळलेली वाट म्हणजे बारावी सायन्स आणि मग डीएमएलटी, किंवा मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदवी. बी.एस्सी. झालेल्यांसाठी पदव्युत्तर पदविका असते. नुसतं रक्त काढण्याचंच काम शिकवणारा छोटा कोर्सही आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने फ्लेबोटॉमिस्ट या नावाने पात्रता ठरवली आहे. त्यावर लॅबमध्ये आणि घरी जाऊन रक्त आणण्याचं काम मिळतं, पण पुढे मशीनवर बसायचं तर पदविका लागतेच. म्हणून आमचा सल्ला, झेपत असेल तर पदविकाच करा.

इथे एक दुखणं सांगतो. आमच्यातल्या एकाने एका गल्लीतल्या संस्थेत दोन वर्षं काढली. अब्बांनी रिक्षा गहाण ठेवून फी भरली होती. सर्टिफिकेट गुळगुळीत, सोनेरी शिक्क्याचं. इस्पितळाने मुलाखतीत ते उलटून पाहिलं आणि परत दिलं, कारण संस्थेला मान्यताच नव्हती. त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. महाराष्ट्रात पॅरावैद्यक परिषद आहे आणि २०२१ मध्ये केंद्रानेही या सगळ्या व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला आहे. प्रवेश घ्यायच्या आधी पालकांनी दोनच गोष्टी विचाराव्यात. हा कोर्स केल्यावर परिषदेत नोंदणी होईल का, तो मान्यतेचा कागद दाखवा. आणि प्रत्यक्ष हात बसवायला पोरं कुठल्या इस्पितळात जातील, त्याचं नाव सांगा. ‘बघू, करू’ असं उत्तर आलं तर फी खिशात ठेवून उठा. ज्यांच्या घरात आखाताची वाट धरलेली आहे, त्यांनी तर जास्तच जपावं. तिथे परवान्यासाठी तुमची कागदपत्रं थेट संस्थेकडून पडताळून घेतात. सोनेरी शिक्का तिथे एक दिवसही चालत नाही.

मुलींच्या अम्मींना आणखी एक भीती असते, परक्या पुरुषांचा हात धरावा लागेल. धरावा लागतो, हातमोजा घालून, दीड-दोन मिनिटं, आणि तेव्हा लक्ष फक्त शिरेवर असतं. आमच्यातल्या बऱ्याच जणी स्कार्फ बांधून काम करतात. बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात, तो जंतुसंसर्गाचा नियम आहे. हे आधी माहीत असू द्या, म्हणजे रुजू झाल्यावर घरात वाद नको.

खरी भीती सुईची, आणि ती वापरलेल्या सुईची. सुईला परत टोपण लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. वापरलेली सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. तरी गर्दीत चूक होते. आमच्यातल्या एकीला निकाहला पाच आठवडे असताना अशी सुई बोटात गेली. पेशंट एचआयव्हीचा होता. अशा टोचण्यातून एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. लस न घेतलेल्याला कावीळ बी लागण्याची शक्यता याच्या कितीतरी पट जास्त, म्हणून नोकरी लागताच त्या लसीचे तीन डोस घ्यायचेच. तिने ते घेतले होते. बोट साबणपाण्याने धुतलं, दोन तासांच्या आत औषध सुरू केलं. ते ७२ तासांच्या आत सुरू करावंच लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. मळमळीने ती अर्धी झाली. तपासण्या मात्र सहा महिने चालणार होत्या.

घरचे म्हणाले, सासरी बोलू नकोस, शक्यता किती ती. ती दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी होणाऱ्या सासूबाईंकडे गेली, कागद पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग आतून मुलाला बोलावलं. त्याने कागद वाचले, तारखा मोजल्या आणि विचारलं, ‘शेवटची तपासणी कधी?’ निकाहची तारीख त्यानंतरची धरली. हॉलचे पैसे बुडाले, पाहुणे काय काय बोलले. त्या सहा महिन्यांत तिने वॉर्डाचा एकही राउंड चुकवला नाही. शेवटचा रिपोर्ट आला तेव्हा तो घ्यायला सासूबाईच आल्या होत्या. काउंटरवर नाव विचारलं, तर त्यांनी नाव सांगितलं आणि नंबरही.

तिचे मियाँ आता वर्षातून एकदा साखर तपासायला आमच्याकडे येतात. बायको रक्त काढते आणि ते तोंड भिंतीकडे करून डोळे मिटून बसतात. ती त्यांनाही आधी पूर्ण नाव विचारते.