स्ट्रॉबेरी-क्रीम घरीं कसें करावें?

गतवर्षीं फेब्रुवारी महिन्यांत आमच्या वर्गांतील मुलींनीं पालकसंमेलनासाठीं कांहीं थंड व गोड पदार्थ करावयाचें ठरविलें. बाजारांत महाबळेश्वर-पांचगणीकडील स्ट्रॉबेरी भरपूर आली होती, म्हणून स्ट्रॉबेरी-क्रीम करावें असें आम्हींच सुचविलें, आणि तें फेटण्याचें कामहि आपल्याच हातीं घेतलें. दुपारचे दोन वाजले होते. शेजारच्या शेगडीवर चहाचें आधण होतें. विजेचें यंत्र भर वेगानें फिरत होतें, आणि क्रीममध्यें हवा कशी शिरते हें आम्ही मुलींना मोठ्या उत्साहानें समजावून देत होतों. बोलण्याच्या भरांत पातेल्याकडे लक्ष राहिलें नाहीं. इतक्यांत एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हें तर लोणी आलें!" पाहतों तों खरोखरच पातेल्यांत पिवळसर गोळे आणि तळाशीं पातळ ताक! त्या दिवशीं पालकांपुढें नुसती चिरलेली स्ट्रॉबेरी व साखर ठेवावी लागली. लोणी वसतिगृहांतील मुलांच्या भाकरीवर गेलें, तेव्हां माल फुकट गेला असें नाहीं. परंतु पैसा मुलींच्या वर्गणीचा होता, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. हा लेख म्हणजे त्या वर्गणीची अल्पशी फेड होय.

चूक नेमकी कोठें झाली हें कळण्यासाठीं क्रीम म्हणजे काय तें प्रथम पाहिलें पाहिजे. दुधांत स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि प्रत्येक कणाभोंवतीं एक पातळ आवरण असतें. हे कण जींत दाटीनें एकत्र आले आहेत अशी दुधाची वरची जड निवळ म्हणजे क्रीम. तें फेटूं लागलें म्हणजे हवेचे बुडबुडे आंत शिरतात. त्याच वेळीं कणांचीं आवरणें थोडथोडीं फाटतात, आणि फाटलेले कण एकमेकांस चिकटून बुडबुड्यांभोंवतीं जणूं कुंपण उभारतात. क्रीम फुगून उभें राहतें तें या कुंपणाच्या आधारावर. कण थंड असले, म्हणजे त्यांतील स्नेह निमा घट्ट असला, तरच हें कुंपण टिकतें. ऊब लागली कीं स्नेह पातळ होतो आणि बुडबुडे फुटतात. उलट, फेटणें थांबविलेंच नाहीं तर कण एकमेकांस चिकटतां चिकटतां त्यांचे गोळे बनतात, हवा निसटते, पाणी वेगळें होतें, आणि लोणी येतें.

हें शास्त्र आपल्या घरांत नवें नाहीं. हिवाळ्यांत घुसळतांना लोणी येईना म्हणजे आजी डेऱ्यांत ऊन पाणी ओतते; उन्हाळ्यांत लोणी फार मऊ होऊं लागलें म्हणजे गार पाणी ओतते. लोण्यास फार थंडी नको व फार ऊबहि नको, हें तिला रवीच्या दोरीवरून कळतें. स्ट्रॉबेरी-क्रीम करणाऱ्यास आजीच्या वाटेनेंच जावयाचें आहे. मात्र ती जेथें पोहोंचूं पाहते त्याच्या अलीकडे थांबावयाचें आहे. सारी करामत काय ती एवढीच.

आतां सामग्रीविषयीं. सहा माणसांस अर्धा किलो स्ट्रॉबेरी, २५० मिलिलिटर क्रीम आणि पांच-सहा मोठे चमचे पिठीसाखर पुरते. क्रीम घेतांना डब्यावरील अक्षरें वाचण्याचा कंटाळा करूं नये. दुकानांत सर्वत्र मिळणाऱ्या साध्या क्रीमच्या पुड्यांत स्निग्धांश बहुधा शेंकडा २५ च्या आसपास असतो. असलें क्रीम कितीहि फेटलें तरी ताठ उभें राहत नाहीं. फेटण्याजोग्या क्रीममध्यें तो निदान शेंकडा ३० असावा. ३५ असल्यास उत्तम. केकवाले वापरतात तें वनस्पतितेलाचें क्रीम उकाड्यांतहि टिकतें व झटपट फुगतें खरें, पण तें दुधाचें नव्हे, आणि जिभेवर त्याचा तेलकट थर राहतो. आम्हांस तें आवडत नाहीं. घरची तापल्या दुधावरची साय वापरावी काय, असें पुष्कळ माता विचारतात. साय तापून घट्ट झालेली असल्यामुळें तिच्यांत हवा फारशी धरत नाहीं. ती फुगणार नाहीं. परंतु ताजी साय थंड करून, चमच्यानें घोटून मऊ केली, तर चव मुळींच उणी पडत नाहीं. रूप तेवढें साधें. एका विद्यार्थिनीच्या आईनें सायीबरोबर अर्धा चक्का घोटून घेतला होता. आम्हांला तर तो प्रकार अधिकच रुचला. क्रीम कोणतेंहि असो, तें पाश्चरीकरण केलेल्या किंवा उकळलेल्या दुधाचें असावें. कच्च्या दुधाची निवळ मुलांस कधींहि देऊं नये, कारण या पदार्थास विस्तव लागतच नाहीं, आणि थंडीनें रोगजंतु मरत नाहींत.

फळाची निवड क्रीमइतकीच महत्त्वाची आहे. आंबा कच्चा काढून आढींत घालतां येतो. स्ट्रॉबेरीचें तसें नाहीं. वेलापासून तोडली त्या क्षणीं तिचें पिकणें थांबलें. देंठाशीं पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घरीं चार दिवस ठेवली तर मऊ होईल, कदाचित् लालहि होईल, पण गोड होणार नाहीं. तेव्हां देंठापर्यंत लाल आणि नाकाजवळ नेतांच वास येणारी घ्यावी, आणि शक्य तर त्याच दिवशीं वापरावी. आकाराचा मोह नसावा. पांचगणीजवळच्या एका खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा आमच्या वर्गांत आहे. त्यानें सांगितलें कीं मोठीं देखणीं फळें खोक्यांत भरून शहरांत जातात, आणि बारकीं व वेडींवांकडीं घरीं राहतात. पण घरचीं माणसें तीं आनंदानें खातात, कारण तीं वेलावर पुरतीं पिकलेलीं असतात. क्रीमसाठीं तीच घ्यावींत, दामहि कमी पडतो.

त्याच मुलानें विचारलें, "बाई, हें फळ आपल्याकडचें का?" नाहीं. आज आपण खातों ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकांत युरोपांतील बागांत जन्मली. उत्तर अमेरिकेंतील एक जात तेथें आधींच आली होती. १७१४ सालीं फ्रेझिए नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें चिलि देशांतून मोठ्या फळाची दुसरी जात नेली. दोहोंचा संकर होऊन हें फळ झालें. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर थंड हवा व लाल माती मिळाल्यामुळें तें इतकें रुजलें कीं २०१० सालीं 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नांवास भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१७ पासून पुस्तकांचें गांव म्हणून प्रसिद्ध झालेलें भिलार हेंहि स्ट्रॉबेरीचेंच गांव. विद्यार्थ्यांस आणखी एक गंमत सांगून ठेवतों: आपण जें लाल फळ म्हणतों तो फुलाचा फुगलेला देंठ होय, खरीं फळें म्हणजे त्याच्या अंगावरचे ते बारीक पिंवळे दाणे.

कृतीकडे वळूं. फळें हिरव्या देंठासकट वाहत्या पाण्याखालीं धुवावींत आणि कोरड्या फडक्यावर पसरावींत. मग देंठ काढावे. आधीं देंठ काढून धुतल्यास पोकळींत पाणी शिरतें आणि चव पाणचट होते. दोन भाग फळें चिरावींत, तिसरा भाग कांट्यानें ठेंचावा. दोहोंवर मिळून तीन चमचे साखर भुरभुरावी व वीस मिनिटें ठेवावीं. साखर फळांतील पाणी ओढून घेते आणि वाटींत लाल रस जमतो. दरम्यान पातेलें, फेटण्याचीं पातीं व क्रीम हीं तिन्ही फ्रिजमध्यें गार व्हावयास ठेवावींत. आम्हीं केवळ क्रीम गार केलें होतें, पातेलें शेगडीजवळचें घेतलें; निम्मी चूक तीच होती.

ज्यांच्या घरीं फ्रीज नाहीं त्यांनीं परातींत बर्फाचा चुरा पसरून त्यावर पातेलें ठेवावें. माठाच्या पाण्यानें हें काम होणार नाहीं. माठ बाष्पीभवनानें गार होतो, तें तहानेपुरतें ठीक. क्रीमला त्याहून पुष्कळ अधिक थंडी लागते. बाजारचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असें नाहीं, म्हणून तो परातींतच राहूं द्यावा, पातेल्यांत एक कणहि पडूं देऊं नये.

क्रीममध्यें उरलेली साखर घालून मध्यम वेगानें फेटावें. प्रथम फेंस दिसेल. मग पात्यांमागें रेघा उमटून लगेच बुजतील. रेघा बुजेनाशा झाल्या कीं यंत्र बंद करावें आणि पुढचे दहा-बारा फेरे हातानें द्यावेत. पातें उचलल्यावर क्रीमचें टोंक उभें राहून किंचित् वांकलें म्हणजे काम झालें. येथें घड्याळावर विसंबूं नये, डोळ्यांवर विसंबावें. क्रीम रवाळ दिसूं लागलें तर घाबरूं नये, दोन चमचे न फेटलेलें थंड क्रीम घालून हलक्या हातानें ढवळावें. बहुधा तें सांवरतें. पाणी सुटलें असेल तर मात्र इलाज नाहीं. भाकऱ्या टाकाव्या.

ठेंचलेलें फळ क्रीममध्यें मिसळतांना घुसळूं नये. चपट्या चमच्यानें खालचें वर आणावें, नाहींतर कोंडलेली हवा निघून जाईल. फळ आंबट आहे, तर क्रीम नासणार नाहीं ना, अशी शंका कित्येकांस येते. दूध नासतें तें त्यांतील प्रथिन आंबटपणानें गोठल्यामुळें; घट्ट क्रीममध्यें तें थोडें असल्यानें क्रीम जरासें दाटतें, इतकेंच. पेल्यांत खालीं चिरलेलें फळ व रस, वर क्रीम, पुन्हां फळ, असे थर द्यावे. तास-दीड तास फ्रिजमध्यें ठेवावें; बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये. या फळांत शेंकडा ९० पाणीच असतें. तें गोठलें कीं फळाच्या पेशी फुटतात आणि बाहेर काढतांच सारें पाणी पाणी होतें. केलेला पदार्थ त्याच दिवशीं संपवावा, आणि बराच वेळ वीज गेली असेल तर उरलेला मुलांस देऊं नये.

यंदाच्या संमेलनास मुलींनीं पुन्हां तोच पदार्थ केला. यंत्र त्यांच्या हातीं होतें. आमच्याकडे बर्फ फोडण्याचें काम आलें. सकाळीं आठ वाजतां, शेगड्या पेटण्यापूर्वीं, सर्व फेटून झालें होतें. लोणी आलें असें गेल्या वर्षीं म्हणणारी मुलगीच पातेल्यावर वांकून उभी होती, आणि आम्ही तोंड उघडूं लागलों कीं ती म्हणे, "बाई, आतां बोलूं नका."