मातीच मिळेनाशी झाली तर?

दिवाळीचा किल्ला चार दिवसांनी मोडतो आणि त्याचे कुणी फारसे वाईट वाटून घेत नाही. किल्ला गेला तरी माती उरते. पुढल्या वर्षी तो पुन्हा उभा राहतो. पण मातीच मिळेनाशी झाली तर? 'माइनक्राफ्ट' या खेळाच्या एका आवृत्तीचे नेमके असेच झाले आहे.

ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. चौकोनी ठोकळे खणायचे आणि ते रचून घरे, पूल, राजवाडे उभारायचे, असा हा खेळ. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. मग हरवले काय?

मूळ खेळ संगणकावरचा. टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी, म्हणजे कन्सोलसाठी, तो स्कॉटलंडमधील '४जे स्टुडिओज'ने निराळा घडवला. मे २०१२ मध्ये तो 'एक्सबॉक्स ३६०'वर आला. यंत्राची ताकद बेताची, म्हणून त्यातले जग लांबी-रुंदीला अवघे ८६४ ठोकळ्यांचे! पण या तोकडेपणातच गोडी होती. पडद्याचे चार भाग करून चौघे शेजारी बसून खेळत, आणि कोण कुठे काय बांधतो आहे हे चौघांनाही ठाऊक असे. पुढे त्यात 'बॅटल', 'टंबल' आणि 'ग्लाइड' हे छोटे खेळही आले.

२०१७ पासून कंपनीने निरनिराळ्या यंत्रांसाठी एकच सामायिक आवृत्ती आणली. हेतू रास्तच होता: फोनवरच्या मुलाला कन्सोलवरच्या मित्राबरोबर खेळता यावे. परंतु ते छोटे खेळ तिच्यात आले नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये 'एक्सबॉक्स ३६०'वरील आवृत्तीच्या सुधारणा थांबल्या, आणि जुलै २०२४ मध्ये त्या यंत्राचे ऑनलाइन दुकानच बंद झाले.

"जुन्या बाजारातून तबकडी आणावी, म्हणजे झाले," असे कुणी म्हणेल. पण तबकडीवर असतो तो ती छापली त्या दिवसापुरता खेळ. पुढची सारी भर इंटरनेटवरून आलेली. पहिली प्रकरणे कपाटात आणि उरलेली कंपनीच्या तिजोरीत, अशा पुस्तकाला आपण जपलेले पुस्तक म्हणू काय?

एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती हाती निरनिराळ्या प्रती होत्या म्हणूनच. पोथी उतरवून घेणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नसे. खेळाच्या प्रतीला मात्र कायद्याचे कुलूप. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ च्या पाहणीत, तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नसल्याचे आढळले. असे खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. जुन्या खेळांची बाजारपेठ बुडेल, ही भीती! जे विकायलाच ठेवलेले नाही त्याची बाजारपेठ कसली, हा साधा प्रश्न तसाच राहिला.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर, शेवटपर्यंतच्या सुधारणा पोटात असलेले प्रत्येक जुने यंत्र ही एक पोथीच आहे. तुमच्या माळ्यावर ते असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून पाहा. आता नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाने धाकट्या बहिणीबरोबर बांधलेले घर कदाचित अजून तिथेच उभे असेल. ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि यंत्रही ठेवा. कारण ते घर पूर्वीसारखे उघडते ते त्याच यंत्रावर.