गुपित मोडण्याचे कर्तव्य

सन १९८८. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील एका शाळेत १३ वर्षांची मुलगी मैत्रिणींशी जीव देण्याचे बोलू लागली. मैत्रिणींनी ते पोटात ठेवले नाही. शाळेच्या समुपदेशकाला सांगितले. दोन समुपदेशकांनी मुलीला बोलावून विचारले. तिने कानांवर हात ठेवले आणि विषय तिथेच संपला. घरी कोणी कळवले नाही. पुढे त्या मुलीचा मृत्यू झाला.

वडील माँटगोमेरी काउंटीच्या शिक्षण मंडळाविरुद्ध न्यायालयात गेले. तोवरचा कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता. आत्महत्या ही ज्याची त्याची कृती, तिचा दोष दुसऱ्यावर येत नाही, असा सर्वसाधारण नियम होता. अपवाद मुख्यतः रुग्णालय किंवा तुरुंगासारख्या, माणसाला ताब्यात ठेवणाऱ्या संस्थांचा. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. मात्र १९९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. विद्यार्थ्याच्या मनात असे काही असल्याची खबर लागली, तर ते टाळण्यासाठी वाजवी उपाय करणे हे समुपदेशकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे त्याने ठरवले. पालकांना सावध करणे हाही त्यातलाच उपाय. मुलाने नाकारले म्हणून हे कर्तव्य संपत नाही. विशेष म्हणजे, अशा वेळी गुपित मोडावे लागले तरी मोडा, असे त्या शाळेच्याच सूचनापत्रात आधीपासून लिहिलेले होते.

निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. प्रत्येक मूल वाचलेच पाहिजे, अशी हमी न्यायालयाने मागितली नाही, प्रयत्न मागितला.

भारतात वाट वेगळी होती. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नालाच गुन्हा मानत असे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने ही दृष्टी बदलली: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य. हाच कायदा उपचारांतील गोपनीयता जपतो. पण अल्पवयीन मुलाचा कायदेशीर पालक हा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी असल्याने त्याला आवश्यक ती माहिती देता येते.

विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा; लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधावे; कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे; मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत. ‘टेलि-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अशा वेळी रात्रंदिवस उपलब्ध असतो.

मेरीलँडच्या मैत्रिणींना यातले एकही कलम ठाऊक नव्हते. तरी जे करायला हवे होते, ते त्यांनी केले होते: ऐकले आणि मोठ्यांना सांगितले. कायद्याने मोठ्यांकडून मागितले ते एवढेच, की मुलांनी आणून दिलेली खबर आपल्यापाशी अडू देऊ नये.